हॉलिडेला ओरिओल्सनी घाईने वर आणलं का?

कोलंबियाचे_नाना

घरातला वाद मिटत नाहीये, म्हणून इथे टाकतोय. आम्ही कोलंबिया, मेरीलँडला राहतो. चिरंजीव चौदा वर्षांचे, बाल्टिमोरच्या ओरिओल्स या बेसबॉल टीमचे कट्टर चाहते. मी क्रिकेटवर वाढलेला माणूस, बेसबॉल कळायला लागला तो पोराच्या नादाने.

वाद जॅक्सन हॉलिडेवरून आहे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: २०२२च्या ड्राफ्टमध्ये (क्लब आळीपाळीने नवी पोरं निवडतात तो) पहिला नंबर, थेट हायस्कूलमधून उचललेला, मेजर लीगमध्ये खेळलेल्या मॅट हॉलिडेचा मुलगा. २०२३मध्ये त्याने एका वर्षात मायनर लीगच्या (मेजर लीगच्या खालच्या, शिकाऊ लीगच्या) चार पायऱ्या चढल्या: डेलमार्व्हा, अ‍ॅबर्डीन, बोवी आणि शेवटी नॉरफोक (खालून वर: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए). पहिल्या तिन्ही टीम आमच्याच राज्यातल्या, त्यामुळे बोवीला जाऊन आम्ही त्याला बघूनही आलो. चारही ठिकाणची मिळून सरासरी .३२३ (म्हणजे हजार खेळींत ३२३ हिट, उत्तमच). मग १० एप्रिल २०२४ला, विसाव्या वर्षी, बॉस्टनच्या फेनवे पार्कवर मेजरमध्ये पदार्पण. आणि पुढे काय, तर १० सामने, ३४ अ‍ॅट-बॅट, २ हिट (फटका मारून बेस गाठणं), १८ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद). सरासरी .०५९. एप्रिल संपायच्या आत पोरगा परत नॉरफोकला.

त्या दिवसांत ओरिओल्सच्या कॅम्डन यार्ड्स मैदानावर आम्ही गेलो होतो. बोवीला जो मुलगा चेंडू सोडून देताना सुद्धा रुबाबात दिसायचा, तो इथे दोन स्ट्राइक झाले की घाईघाईने बॅट फिरवत होता. बघवत नव्हतं.

चिरंजिवांचं म्हणणं, क्लबने घाई केली आणि त्याचं वाटोळं करायला निघाले होते. माझं म्हणणं, पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. जाणकारांनी सांगावं: अशा घाईत नुकसान नेमकं कुठे होतं?

(कृपया सचिनचं उदाहरण देऊ नका. ते घरी वापरून झालंय.)

चहाबिस्किट

नको म्हणालात तरी देणार. सोळाव्या वर्षी कराची, समोर वसीम, इम्रान, वकार. कोणी म्हणालं का घाई झाली? ज्याच्यात दम असतो तो तरतो. बाकी सगळ्या क्लबच्या सबबी.

आर्लिंग्टनकर

चहाबिस्किट, सचिन शाळेच्या मैदानावरून उठून कराचीला नव्हता गेला. त्याआधीचा अख्खा रणजी मोसम तो खेळला होता आणि मुंबईकडून त्या मोसमात सगळ्यात जास्त धावा त्याच्याच होत्या. म्हणजे त्याचं नॉरफोक झालेलं होतं. आता सचिनला बाजूला ठेवू या.

नाना, तुम्ही दोघं बापलेक 'वर आणलं' या दोन शब्दांवर अडून बसलात. मी टेक्सासला १९८७पासून आहे, पोरांच्या लीगमध्ये हौशी अंपायरिंग करतो, आणि माझं मत असं की खरा प्रश्न पुढचा आहे: जमत नाही हे दिसल्यावर क्लब त्याला खाली पाठवतो का? हे मी ज्या गावात बसून लिहितोय, तिथेच घाईचं सगळ्यात कुप्रसिद्ध प्रकरण घडलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बॉब शॉर्ट नावाच्या मालकाने वॉशिंग्टनची टीम उचलून १९७२ला इथे आर्लिंग्टनला आणली. पहिल्याच मोसमात १०० पराभव. टेक्सास म्हणजे फुटबॉलचं राज्य, बेसबॉल बघायला चिटपाखरू फिरकत नव्हतं. १९७३च्या ड्राफ्टमध्ये पहिला नंबर मिळाला आणि ह्यूस्टनच्या वेस्टचेस्टर हायस्कूलचा डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा) डेव्हिड क्लाइड हाती लागला. वय १८. बोनस सव्वा लाख डॉलर. ठरलं असं की दोन सामने त्याला इथे टाकायला द्यायचे, चार तिकिटं खपवायची आणि मग शिकायला मायनरमध्ये धाडायचं.

२७ जून १९७३. शाळेचा शेवटचा सामना होऊन महिनाही झाला नव्हता. रस्ते इतके तुंबले की खेळ पंधरा मिनिटं उशिरा सुरू केला. ३५,६९८ माणसं, ते स्टेडियम पहिल्यांदाच भरलेलं. मिनेसोटाच्या पहिल्या दोघांना क्लाइडने वॉक दिला (चार चेंडू बाहेर, बेस फुकट), त्यातला दुसरा नावाजलेला बॅट्समन रॉड कॅरू. पुढचे तिघं ओळीने स्ट्राइकआउट. छप्पर उडायचं बाकी होतं (छप्पर नव्हतंच म्हणा). पाच इनिंग, एकच हिट, आठ स्ट्राइकआउट, सात वॉक, आणि सामना जिंकला.

आठ स्ट्राइकआउट इथल्या जुन्या लोकांना अजून पाठ आहेत. माझ्या लेखी त्या रात्रीचा खरा आकडा सात वॉक हा आहे. शाळेतली पोरं त्याच्या वेगाला बिचकून बाहेर जाणाऱ्या चेंडूवरही बॅट फिरवायची. कॅरू फिरवत नाही, बघत उभा राहतो. मी प्लेटमागे उभा असतो तेव्हा हे अगदी समोर दिसतं: बारा-तेरा वर्षांचा एखादा जोरात टाकणारा पिचर, समोरचे घाबरून बॅट घालतात, आणि त्याला वाटतं आपण स्ट्राइक टाकतोय. त्यातले निम्मे चेंडू प्लेटच्या वीतभर बाहेर असतात. हे त्याला पुढच्या पायरीवर गेल्याशिवाय कळत नाही. क्लाइडला मधल्या पायऱ्याच मिळाल्या नाहीत, एकदम कॅरू मिळाला.

तरीही इथपर्यंत फार काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते दोन सामन्यांनंतर. मॅनेजर व्हाइटी हरझॉगचं म्हणणं होतं की याला आता खाली शिकायला पाठवा. मालकाला गल्ला दिसत होता. पोरगा राहिला. मोसमाअखेर ४ विजय, ८ पराभव, ईआरए (पिचरने नऊ इनिंगमागे दिलेले रन, कमी तितका चांगला) ५.०१, आणि टीमचे पराभव १०५. सप्टेंबरात हरझॉगचीच नोकरी गेली. जागी आला बिली मार्टिन, ज्याला आजचा सामना आज जिंकायचा असायचा, पोरं वाढवायला त्याच्याकडे सवड नव्हती. १९७४ला ३-९. मग खांदा गेला, ऑपरेशन झालं, क्लीव्हलँडला दोन मोसम, आणि १९७९ला मेजरमधला शेवटचा सामना. तेव्हा तो २४ वर्षांचा होता. एकूण १८ विजय, ३३ पराभव. पुढे ह्यूस्टनकडे सासऱ्यांच्या लाकडाच्या धंद्यात लागला. खेळाडूंच्या पेन्शनला तेव्हा चार वर्षांची सेवा लागायची, त्यालाही महिना-सव्वा महिनाच कमी पडला. ज्याच्या तिकिटांवर क्लबने त्या उन्हाळ्यात पैसा केला, त्याची ही गत.

कोणीतरी सँडी कोफॅक्सचं नाव काढणारच, म्हणून आधीच सांगतो. त्या काळी नियम होता: ४,००० डॉलरपेक्षा जास्त बोनस दिला तर त्या मुलाला दोन वर्षं मेजरच्या टीममध्येच ठेवायचं, खाली पाठवायचं नाही. श्रीमंत क्लबनी सगळी पोरं गोळा करू नयेत म्हणून. कोफॅक्सला १४,००० मिळाले होते, त्यामुळे १९५५ला तो एकोणीस वर्षांचा असताना ब्रुकलिन डॉजर्सच्या बाकावर. त्याला जागा करायला टॉमी लसोर्डाला (पुढे याच डॉजर्सचा मॅनेजर) खाली पाठवलं, हा आणखी एक गमतीचा भाग. दोन वर्षांत त्याला मिळाल्या जेमतेम १०० इनिंग. कर्व्हबॉल (वळणारा चेंडू) बाकावर बसून सुधारत नाही. १९६०अखेर त्याचा हिशोब ३६-४०. आपण आठवतो तो कोफॅक्स १९६१पासूनचा, आणि १९६६ला तिशीत संधिवाताने हात गेल्यावर त्याने खेळ सोडला. म्हणजे जगातल्या सर्वोत्तम डावखुऱ्याची बारापैकी सहा वर्षं अशी चाचपडण्यात गेली. तो तरला म्हणून नियम बरोबर होता असं कसं म्हणायचं?

आता उलट बाजू. मिकी मँटल १९५१ला, एकोणिसाव्या वर्षी, यँकीजकडे आला, जुलैत त्याला कॅन्सस सिटीच्या मायनर टीमकडे पाठवलं. तिथेही सुरुवातीला जमेना. बाप ओक्लाहोमातल्या खाणीत काम करणारा. पोरगा रडगाणं गायला लागला तेव्हा बापाने त्याची बॅगच भरायला घेतली: चल माझ्याबरोबर खाणीत. ऑगस्टमध्ये मँटल परत न्यूयॉर्कला.

आणि माझं सगळ्यात आवडतं उदाहरण, रॉय हॅलडे. १९९८ला टोरोंटोकडून दुसऱ्याच सामन्यात नो-हिटर (एकही हिट न देता अख्खा सामना) एका आउटने हुकला. सगळे म्हणाले झालं, तारा सापडला. २०००मध्ये ईआरए १०.६४! ६७ इनिंग टाकणाऱ्याचा. दुसऱ्या क्लबने हाकलून दिला असता. टोरोंटोने २००१च्या वसंतात त्याला कुठे पाठवलं, तर थेट डनिडनला, सिंगल-एला, जिथे एकोणीस-वीसची पोरं खेळतात. तेवीस वर्षांच्या, मेजरमध्ये तीन मोसम काढलेल्या माणसाला! तिथे मेल क्वीन नावाच्या जुन्या कोचने त्याचा हातच बदलला. आधी तो उंचावरून सरळ खाली मारायचा, चेंडू वेगवान पण बॅट्समनला स्वच्छ दिसणारा. क्वीनने हात खाली आणला, चेंडू शेवटच्या क्षणी सरकायला लागला. जुलैत तो परत वर. २००३ आणि २०१०ला साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार), २०१९ला हॉल ऑफ फेम, जे बघायला बिचारा राहिला नाही.

तेव्हा नाना, ओरिओल्सनी एप्रिलमध्ये आणलं तो माझ्या मते अंदाज चुकला. नॉरफोकला त्याचे मोजकेच सामने झाले होते, अजून दोन महिने दिले असते तर बिघडत नव्हतं. पण दहा सामन्यांत चूक ओळखून परत पाठवलं, तिकिटं खपत असताना. ३१ जुलैला तो परत आला त्याच सामन्यात टोरोंटोविरुद्ध ग्रँड स्लॅम (तिन्ही बेसवर माणसं असताना होमर, म्हणजे आपला षटकार), चेंडू मैदानापलीकडच्या युटॉ स्ट्रीटवर. त्या मोसमाची सरासरी तरी .१८९च राहिली, हेही चिरंजिवांना प्रामाणिकपणे सांगा. पुढच्या वर्षी १७ होमर.

डगआउट_देशपांडे

आर्लिंग्टनकर, लिहिलंत छान, पण सगळे क्लबच्या खुर्चीत बसून बोलताय. जरा पोराच्या खुर्चीत बसा.

२०२४ला ट्रिपल-एमधला किमान पगार वर्षाला ३५,८०० डॉलर. मेजरमधला किमान ७,४०,०००. हॉलिडेसारख्यांना बोनस मिळालेला असतो, पण सतराव्या फेरीत निवडलेल्या किंवा डॉमिनिकन रिपब्लिकमधून किरकोळ पैशावर आलेल्या पोराला 'तू अजून तयार नाहीस, थांब' सांगणारे आपण कोण? त्याला तीन आठवडे वर मिळाले तरी आईचं घर बांधून होतं. कोपर तर खाली खेळतानाही तुटतं.

आणि 'तयार नाही' हे कारण क्लब किती वेळा खोटं सांगतात ते बघा. २०१५ला क्रिस ब्रायंटने शिकागो कब्जकडून सरावाच्या मोसमात ९ होमर मारले. तरी मोसमाच्या सुरुवातीला त्याला आयोवाच्या मायनर टीमकडे पाठवलं, कारण काय तर फील्डिंग सुधारायचीय. १७ एप्रिलला वर आणलं. मेजरमध्ये १७२ दिवस भरले की एक वर्षाची सेवा धरतात. त्याचे भरले १७१. एका दिवसाने त्याचं स्वतःची किंमत बाजारात लावणं एक वर्ष पुढे गेलं. दाद मागितली, २०२०ला निकाल विरोधात गेला. २०१५लाच तो रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवा खेळाडू) होता बरं का, म्हणजे 'तयार नसलेला'.

२०२२च्या करारात म्हणून नवा नियम आला: नावाजलेल्या पोराला पहिल्या दिवसापासून वर ठेवा, तो रूकी ऑफ द इयर झाला तर क्लबला ड्राफ्टमध्ये जादा निवड. नाना, तुमच्याच ओरिओल्सना गनर हेंडरसनमुळे ती मिळाली. म्हणजे आता घाई करण्याला बक्षीस आहे. हे हॉलिडेच्या वेळी कोणाच्याच डोक्यात नव्हतं असं मला तरी वाटत नाही.

आणि आमच्या वॉशिंग्टनचा हुआन सोटो? २०१८चा मोसम त्याने हेगर्सटाउनला सिंगल-एमध्ये सुरू केला, डबल-एमध्ये फक्त ८ सामने, २० मे रोजी मेजरमध्ये. वय १९. .२९२, २२ होमर. नियमाने चाललो असतो तर तो उन्हाळाभर डबल-एच्या हॅरिसबर्गला बसमध्ये बसला असता.

सुलभा_पीटी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्याकडे हायस्कूलचे पिचर बरेच येतात. वरच्या चर्चेत एक गोष्ट एकत्र कालवली जातेय ती वेगळी करते. सोटो, मँटल, हॉलिडे हे बॅटवाले. क्लाइड, कोफॅक्स, हॅलडे पिचर. बॅटवाला लवकर वर आला आणि फसला तर आत्मविश्वास जातो, तो परत येऊ शकतो. पिचर फसायला लागला की तो आणखी जोरात टाकतो. वॉक झाले की इनिंग लांबते, चेंडू वाढतात, दमलेल्या खांद्याने टाकलेले चेंडू वाढतात. क्लाइडच्या त्या पहिल्या रात्री पाच इनिंगमध्ये सात वॉक आणि आठ स्ट्राइकआउट, म्हणजे शंभराच्या वर चेंडू गेले असणार. अठराव्या वर्षी, शाळेचा पूर्ण मोसम हातावर असताना. आज कोणी देणार नाही.

पण सांभाळलं की वाचतंच असंही नाही. आमच्या वॉशिंग्टनच्याच स्टीफन स्ट्रासबर्गला २०१०मध्ये मायनरमध्ये ११ सामने देऊन, मोजून मापून वर आणला. पहिल्या सामन्यात १४ स्ट्राइकआउट. आणि सप्टेंबरमध्ये टॉमी जॉन सर्जरी (कोपराचं ऑपरेशन). २०१२ला त्याला साधारण १६० इनिंगनंतर थांबवलं, टीम प्लेऑफमध्ये जात असताना, केवढा गदारोळ झाला होता. २०१९ला वर्ल्ड सिरीजचा (मोसमाच्या अंतिम मालिकेचा) एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, आणि त्यानंतर शरीराने जवळजवळ साथच सोडली. कोणत्या निर्णयाने काय वाचलं हे मी तरी छातीठोकपणे सांगू शकत नाही. माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांना एवढंच सांगते की वेग मोजायचं यंत्र घरी घेऊ नका.

कोलंबियाचे_नाना

सगळ्यांचे आभार. चिरंजिवांना सगळं वाचून दाखवलं. हॅलडेवर खूश, देशपांडेंवर नाराज (ब्रायंट त्याला आवडत नाही, कारण विचारू नका). त्याचे दोन प्रश्न आलेत. एक, एंजल्स क्लबचं काय? ते तर दरवर्षी ड्राफ्ट झालेलं पोर उचलून वर टाकतात. दुसरा मला जास्त पटला: खाली पाठवायची वेळ झाली हे क्लबला कळतं कसं? नुसत्या सरासरीवरून?

आर्लिंग्टनकर

देशपांडे, पैशाचा मुद्दा मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण सोटो डबल-एमध्ये ८ सामने खेळला ते क्लबची हिंमत म्हणून कमी, आउटफिल्डर जखमी झाले म्हणून जास्त.

एंजल्स: नोलन शॅन्युएल २०२३च्या जुलैत ड्राफ्ट झाला, १८ ऑगस्टला मेजरमध्ये. चाळीस दिवस! तेव्हा क्लबचा तारा ओटानीचं तिथलं शेवटचं वर्ष चालू होतं, प्लेऑफ २०१४नंतर बघितलं नव्हतं, क्लब घायकुतीला आलेला. पोरगा बुडाला नाही, डोळा चांगला, वॉक काढतो. पण पहिल्या बेसवरच्या माणसाकडून जी ताकद लागते ती कमवायला त्याला मायनरमध्ये वेळच मिळाला नाही, ती तो मेजरमध्ये हजारो लोकांसमोर शोधतोय. २०२५ला रायन जॉनसन नावाच्या पिचरला एकही मायनर सामना न खेळवता पहिल्या दिवशी टीममध्ये घेतलं आणि मग हाय-एला पाठवलं. एवढं करून टीमने मिळवलं काय? २०२४ला ९९ पराभव, क्लबच्या इतिहासातले सर्वात जास्त. बॉब शॉर्टला निदान तिकिटं तरी मिळाली.

दुसरा प्रश्न अवघड आहे, आणि माझ्याच म्हणण्याला आडवा जाणारा आहे. १९५१ला विली मेज विसाव्या वर्षी न्यूयॉर्क जायंट्सकडे आला. मिनियापोलिसला मायनरमध्ये ३५ सामन्यांत .४७७ मारून. मेजरमध्ये पहिल्या २६पैकी एक हिट, तो वॉरन स्पानला मारलेला होमर. रडत मॅनेजर लिओ डुरोशेकडे गेला, मला परत पाठवा म्हणाला. डुरोशेने पाठवलं नाही. मी मॅनेजर आहे तोवर सेंटरफिल्ड तुझंच, म्हणून सांगितलं. त्याच वर्षी मेज रूकी ऑफ द इयर. हॉलिडेचे ३४पैकी २ आणि मेजचा २६पैकी १, सरासरीत काही फरक नाही. एकाला पाठवणं बरोबर ठरलं, दुसऱ्याला न पाठवणं.

फरक दिसतो तो हिट आणि आउटच्या मधल्या चेंडूंवर. हॉलिडेचे ३४पैकी १८ स्ट्राइकआउट, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा चेंडू खेळात आलाच नाही. पोरगा चेंडूला लागतोय पण सरळ हातात जातोय, तर थांबा. चेंडूच सापडत नाहीये, तर पाठवा. चिरंजिवांना सांगा, पुढच्या नव्या पोराच्या वेळी स्कोअरबोर्डवरची सरासरी बघूच नको. वहीत फक्त एक रकाना काढ: दोन स्ट्राइक झाल्यावर बाहेरच्या चेंडूवर बॅट गेली की थांबली. दहा-बारा सामने असं लिहून काढलं की मग बापाशी भांडायला ये म्हणावं.